सोलापुरात मुदतीआधी घर सोडताना: एजंटाने मागितलेल्या पैशांचा हिशेब कसा तपासावा

सोलापुरात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेल्या माणसाला भाड्याचे घर बहुधा एजंटामार्फतच मिळते. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, सैफुल या भागांतील बऱ्याच फ्लॅटचे मालक स्वतः पुण्यात किंवा त्याहून दूर नोकरीला असतात, आणि किल्ली, डिपॉझिट, भाडे, किरकोळ दुरुस्ती हा सगळा व्यवहार एजंटावर सोपवून मोकळे होतात. घर घेताना ही सोय वाटते. बदली झाली, वसतिगृहात जागा मिळाली किंवा चिंचोळी एमआयडीसीतील नोकरी सुटली म्हणून अकरा महिने पुरे होण्याआधी घर सोडायची वेळ आली, की मात्र समोर मालक नसतोच. समोर असतो तो एजंट, आणि त्याच्या हातात एक यादी असते. ‘लवकर सोडल्याचे शुल्क’, ‘करार रद्द करण्याचा खर्च’, ‘रंगकाम’, ‘नवा भाडेकरू शोधण्याचे कमिशन’ अशी नावे त्या यादीत असतात आणि बेरीज बहुधा डिपॉझिटच्या आसपास जाऊन थांबते.

अशा याद्या मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्या वाचताना एकच प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावा लागतो: हा रुपया नेमका कोणाचा आहे? काही पैसे मालकाचे असतात, काही सरकारचे, काही महावितरणचे, आणि काही एजंटाचे. यादी एकाच कागदावर, एकाच हस्ताक्षरात आली म्हणून ते सगळे पैसे एकाच माणसाचे होत नाहीत. पुढील पायऱ्या या एका प्रश्नाभोवतीच मांडल्या आहेत.

पहिली पायरी: नोटीस देण्याआधी करार वाचावा

घर सोडण्याविषयी कोणाशीही बोलण्यापूर्वी आपला करार काढून बसावे. सोलापुरात राहत्या घरासाठी बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो आणि बोलताना त्यालाच सगळे भाडेकरार म्हणतात. त्यात तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, नोटीस किती दिवसांची आहे. दुसरी, ‘लॉक-इन’ म्हणजे ज्या काळात घर सोडता येणार नाही असा काळ लिहिला आहे का, असल्यास तो दोघांवर बंधनकारक आहे की फक्त तुमच्यावर, आणि तो मोडल्यास काय द्यायचे हे लिहिले आहे का. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ या दोन ठिकाणी कोणाची नावे आहेत. तेथे मालकाचे आणि तुमचे नाव असते. एजंटाचे नाव असलेच तर साक्षीदार किंवा ओळख पटवणारा म्हणून शेवटच्या पानावर असते. जो करारात पक्षकार नाही, त्याला त्या कराराच्या आधाराने स्वतःसाठी काही मागता येत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम २३० मध्ये हेच सांगितले आहे: वेगळे ठरलेले नसेल तर एजंटाने मालकाच्या वतीने केलेला करार त्याला स्वतःच्या नावाने अमलात आणता येत नाही.

करार नोंदणीकृत आहे का, हेही याच वेळी पाहावे. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, असे येथे सर्रास सांगितले जाते. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमच्या दृष्टीने याहून उपयोगाची गोष्ट त्याच कलमात पुढे आहे: लेखी नोंदणीकृत करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले होते याविषयी घर घेणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणून नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर कोणी लॉक-इनचा धाक दाखवला, तर हे कलम शांतपणे त्याच्या नजरेस आणून द्यावे.

सोलापूर बहुभाषिक गाव आहे. घर दाखवताना बोलणे कधी तेलुगूत, कधी कन्नडमध्ये, कधी दखनी हिंदीत होते आणि करार मात्र छापील मराठीत येतो. बोलण्यात ‘कधीही सोडा, काही हरकत नाही’ असे सांगितलेले असते आणि कागदावर सहा महिन्यांचा लॉक-इन असतो. बोलणे आणि कागद यांत असा फरक आढळला, तर त्या वेळचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश आताच जपून ठेवावेत.

दुसरी पायरी: नोटीस मालकाला द्यावी

सोलापुरात नवा आलो तेव्हा सात रस्त्याजवळची खोली सोडताना मी एजंटाला फोनवर महिनाभर आधी कळवले होते आणि त्यानेही ‘ठीक आहे’ म्हटले होते. महिना संपला तेव्हा मालकांनी विचारले, की मला कोणी कळवले? माझ्याकडे दाखवायला एक ओळही नव्हती. एक महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून गेले आणि ते मला मुकाट्याने सोडावे लागले. त्या वेळी ती रक्कम माझ्यासाठी लहान नव्हती, म्हणून ही पायरी मी सर्वांना आग्रहाने सांगतो.

नोटीस करारात लिहिलेल्या मालकाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोहोच मिळेल अशा रीतीने पाठवावी. त्याच दिवशी तिचा फोटो मालकाला आणि एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर व ईमेल असल्यास ईमेलवर पाठवावा. मजकूर लांब नको. पुढील नमुना पुरेसा आहे:

‘स.न.वि.वि. आपल्या मालकीच्या, … येथील सदनिकेबाबत दिनांक … रोजी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स कराराच्या कलम … नुसार मी आपणास एक महिन्याची नोटीस देत आहे. दिनांक … रोजी मी सदनिका रिकामी करून ताबा आपणास किंवा आपण लेखी नेमलेल्या व्यक्तीस देईन. आपणाकडे असलेली अनामत रक्कम रुपये … ताबा घेतेवेळी परत करावी, आणि त्यातून काही वजावट करावयाची असल्यास ती कोणत्या कारणासाठी व कराराच्या कोणत्या कलमानुसार आहे, हे मला त्यापूर्वी लेखी कळवावे. कळावे.’

‘आपण लेखी नेमलेल्या व्यक्तीस’ हे शब्द गाळू नयेत. एजंटाला किल्ली घेण्याचा अधिकार मालकाने दिला आहे, एवढी एक ओळ मालकाच्या फोनवरून आली तरी पुढचे अर्धे वाद टळतात.

शेवटचे एक-दोन महिने भाडे न देता ‘डिपॉझिटमधून वळते करा’ असे परस्पर ठरवणे मात्र टाळावे. मालकाने लेखी होकार दिला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर थकबाकीदार तुम्हीच ठरता आणि तुमची बाजू विनाकारण दुबळी होते.

तिसरी पायरी: ताबा देतानाचा पुरावा

रिकाम्या घराच्या प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढावा. त्यात भिंती, नळ, फरशी, पंखे आणि शेवटी वीजमीटरचे रीडिंग यावे. महावितरणचे शेवटचे बिल भरल्याची पावती जोडावी. ‘आज दिनांक … रोजी सदनिकेचा ताबा व … किल्ल्या मिळाल्या’ असा साधा कागद करून किल्ली घेणाऱ्याची सही घ्यावी. सही द्यायला तो तयार नसेल तर किल्ली देतानाचा फोटो काढून तोच मजकूर मालकाला लगेच संदेशाने कळवावा. डिपॉझिट आणि भाडे कोणाच्या खात्यात गेले याचे बँकेतील उतारे काढून ठेवावेत. रोख दिलेल्या रकमेची पावती देणे ही भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २६ नुसार मालकाची जबाबदारी आहे, तेव्हा पावती राहिली असेल तर ती आता मागावी.

मूळ फोन बदलू नये, निदान संदेश पुसू नयेत. प्रकरण न्यायालयात गेलेच तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि नुसत्या स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोन हाताशी असलेला केव्हाही बरा.

चौथी पायरी: यादीतील प्रत्येक ओळ तपासावी

आता मुख्य काम. समजा, भाडे ९,००० रुपये, डिपॉझिट ३०,००० रुपये, करार अकरा महिन्यांचा, लॉक-इन सहा महिन्यांचा. घर घेताना तुम्ही एजंटाला एक महिन्याच्या भाड्याइतकी दलाली दिली आहे. चार महिने पुरे होताच, रीतसर नोटीस देऊन तुम्ही घर सोडले. एजंटाची यादी अशी येते: लॉक-इनचे उरलेले दोन महिने १८,००० रुपये, लवकर सोडल्याचे शुल्क ९,००० रुपये, रंगकाम ६,००० रुपये, करार रद्द करण्याचा खर्च २,५०० रुपये. एकूण ३५,५०० रुपये. म्हणजे डिपॉझिट तर गेलेच, वर ५,५०० रुपये तुम्हीच द्यायचे.

लॉक-इनची रक्कम ही मालकाची मागणी आहे, एजंटाची नव्हे, आणि ती सरळ फेटाळण्यासारखी नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. तुम्ही लेखी मान्य केलेली अट मोडली आहे. परंतु करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली नुकसानीची रक्कम ही वरची मर्यादा असते; त्या मर्यादेच्या आत जी भरपाई वाजवी असेल तेवढीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये फतेह चंद प्रकरणात आणि २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स प्रकरणात या कलमाचा सविस्तर विचार केला आहे. म्हणून विचारायचा प्रश्न असा, की घर खरोखर किती दिवस रिकामे राहिले? पंचवीस दिवसांत नवा भाडेकरू आला असेल, तर नुकसान साधारण ७,५०० रुपयांचे झाले, १८,००० रुपयांचे नव्हे. यासाठी तुम्ही स्वतः एखादा योग्य भाडेकरू सुचवून ठेवावा आणि ते लेखी कळवावे. विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, रेल्वे यांमुळे घर शोधणारे लोक सोलापुरात मिळतात. मालकाने चांगला भाडेकरू विनाकारण नाकारला, तर रिकाम्या घराचा भार तुमच्यावर टाकणे त्याला कठीण जाते.

‘लवकर सोडल्याचे शुल्क’ ही ओळ वेगळी आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त अन्याय याच ओळीत होतो. एजंटाचे काम घर मिळवून देण्याचे होते. ते काम करार झाला त्या दिवशी पुरे झाले आणि त्याचा मोबदलाही त्याला मिळाला. करार अधिनियमाच्या कलम २१९ नुसार, वेगळे ठरले नसेल तर, एजंटाचा मोबदला काम पुरे झाल्यावर देय होतो. याचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही मान्य करायला हवेत. घर चार महिन्यांत सोडले म्हणून दिलेली दलाली परत मागण्याचा हक्क तुम्हाला सहसा नाही. त्याच न्यायाने, घर चार महिन्यांत सोडले म्हणून दुसरी दलाली मागण्याचा हक्क त्यालाही नाही. नवा भाडेकरू शोधण्याचे काम तो मालकासाठी करतो आणि त्या नव्या माणसाकडूनही दलाली घेतो. त्याच कामाचे तिसऱ्यांदा पैसे तुम्ही का द्यावेत? तुम्ही त्याच्याशी तशी वेगळी लेखी अट मान्य केली असेल, तरच चर्चेला जागा आहे. तेव्हा घर घेताना एजंटाच्या नोंदवहीत किंवा फॉर्मवर केलेली सही आठवून पाहावी आणि त्या कागदाची प्रत मागावी. अट निघाली तरी ते पैसे मालकाकडच्या डिपॉझिटमधून कापता येत नाहीत, कारण ते डिपॉझिट एजंटाच्या येणे रकमेसाठी ठेवलेले नाही.

दलाली परत मागण्याला एक अपवाद आहे. घर खोटी माहिती देऊन गळ्यात मारले असेल, तर मुद्दा सेवेतील त्रुटीचा होतो. सोलापुरात महापालिकेचे पाणी काही दिवसांच्या अंतराने येते. हे ठाऊक नसलेल्या नवख्याला ‘बोअरचे पाणी चोवीस तास आहे’ असे लिहून कळवले असेल आणि बोअर कोरडा निघाला असेल, तर तो संदेश हाच तुमचा पुरावा.

रंगकामाची मागणीही तशीच निरखावी. चार महिने नीट वापरलेल्या घराचा रंग थोडा मळणे ही स्वाभाविक झीज आहे आणि करारात रंगकामाची स्पष्ट अट नसेल तर तिचे पैसे लागत नाहीत. तुम्ही भिंतीला पाडलेली भोके बुजवण्याचा खर्च, समजा १,००० रुपये, मात्र पावती पाहून द्यावा.

करार रद्द करण्याच्या खर्चात सरकारला जाणारी रक्कम किती आणि एजंटाची मजुरी किती, हे वेगळे लिहून मागावे. तुलनेसाठी सांगतो: वरच्या उदाहरणातील करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने साधारण अडीचशे रुपये होते आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. मुदतीपूर्वी करार संपल्याचा दोघांच्या सहीचा कागद करणे चांगलेच; त्याची नोंदणी मालकाला हवी असेल, तर सरकारी चलन पाहून खर्च कोणी करायचा ते ठरवावे. चलनाशिवाय २,५०० रुपये देऊ नयेत.

शेवटचे बिल भरल्यानंतर वापरलेल्या विजेचे, समजा, ६४० रुपये राहिले; ते तुमचेच आहेत. आता हिशेब असा बसतो: ३०,००० मधून ७,५००, १,००० आणि ६४० वजा जाता २०,८६० रुपये तुम्हाला परत मिळायला हवेत.

पाचवी पायरी: एजंटाला लेखी उत्तर

फोनवर वाद घालू नये. हा हिशेब एका पानावर मांडून मालकाला पाठवावा आणि एजंटाला स्वतंत्र पत्र द्यावे, ज्यात एवढेच विचारावे: ‘आपण मागितलेले रुपये ९,००० हे आपण स्वतःसाठी मागत आहात की मालकांच्या वतीने? स्वतःसाठी असल्यास माझ्याशी झालेला लेखी करार दाखवावा. मालकांच्या वतीने असल्यास त्यांचे अधिकारपत्र दाखवावे.’ उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत. या पत्राला नीट उत्तर देणारा एजंट मला क्वचितच भेटला आहे. बहुतेक वेळा ती ओळ यादीतून गळून पडते.

डिपॉझिट एजंटाच्याच खात्यात गेले असेल आणि मालक ‘मला पैसे मिळालेच नाहीत’ म्हणत असतील, तर गडबडून जाऊ नये. मालकांनी ज्याला पैसे घ्यायला नेमले त्याने घेतलेले पैसे कायद्याने मालकांनीच घेतले असे होते, आणि ते मालकांकडे पोचवणे हे करार अधिनियमाच्या कलम २१८ नुसार एजंटाचे कर्तव्य आहे. तो त्या दोघांमधला हिशेब आहे.

कोऱ्या धनादेशाविषयी येथे सांगणे भाग आहे, कारण काही ठिकाणी घर देताना सही केलेला कोरा धनादेश घेतला जातो. तो दिला असेल तर नोटिशीतच तो परत मागावा. कोणी त्यावर मनाची रक्कम लिहून तो बँकेत भरला आणि तो वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १३८ खाली नोटीस येऊ शकते. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत वकिलाकडून लेखी उत्तर अवश्य पाठवावे.

सहावी पायरी: दाद कोठे मागावी

एजंटाने तुमच्याकडून मोबदला घेऊन सेवा दिली आहे, म्हणजे त्याच्यापुरते तुम्ही ग्राहक आहात. प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिने काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणात फी नाही, वकील नेमणे सक्तीचे नाही, आणि तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. बदली होऊन तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात गेला असाल, तर तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, कारण २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली आहे. लिहिताना ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या मुद्द्यांवर भर द्यावा. ‘अनुचित करार’ या स्वतंत्र मुद्द्यावरील तक्रारी जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे जातात.

मालकाकडून डिपॉझिट परत मिळवणे हा मात्र मुळात दिवाणी स्वरूपाचा वाद आहे आणि पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. एवढ्या रकमेसाठी दावा लढवण्यापूर्वी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज करावा, असे मी सुचवेन. तेथे दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवली जाते आणि लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना तेथे मोफत विधी साहाय्य मिळते. हेल्पलाइन १५१०० आहे. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जाण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण रेरा अधिनियमातील एजंट म्हणजे घरांच्या विक्रीत मध्यस्थी करणारा. भाड्याच्या दलालीसाठी तेथे जाऊन वेळ जाईल. ‘दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही’ हा नियमही केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातील आहे. तो नमुना असून राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही, तेव्हा पत्रात त्याचा आधार घेऊ नये. पोलीस ठाण्यात पैशांच्या हिशेबासाठी गेल्यास ‘दिवाणी बाब आहे’ हेच उत्तर मिळेल. परंतु तुमचे सामान आत ठेवून कुलूप लावले, मूळ कागदपत्रे अडकवली किंवा धमकी दिली, तर त्याच दिवशी लेखी तक्रार देऊन पोहोच घ्यावी.

बहुतेक वाद आयोगापर्यंत जाण्याआधीच मिटतात. तसे झाले तर पैसे खात्यात जमा झाल्याखेरीज ‘काही येणे नाही’ अशा कागदावर सही करू नये. त्या कागदावर मालक आणि एजंट या दोघांच्या सह्या घ्याव्यात, वजावटीची प्रत्येक रक्कम कारणासह लिहावी, कोरा धनादेश दिला असल्यास त्याचा क्रमांक लिहून तो परत मिळाल्याची नोंद करावी, आणि एक मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी.